मुगाच्या रंगाचा चुरा

चैत्र लागला होता आणि आभाळ रोज सकाळी फसवत होतं. पहाटे ढग जमायचे, वारा पडायचा, अंगाला सदरा चिकटायचा; न्याहारीची वेळ होईस्तोवर सगळं पुन्हा फटफटीत. त्या दिवशीही तसंच मळभ धरलं होतं. हरभऱ्याची रानं मोकळी पडली होती, तुराट्यांच्या पेंढ्या बांधाला लागल्या होत्या, आणि रामलिंगअप्पाच्या विहिरीवर व्यंकटची मशीन येऊन उभी राहिली होती.

भीमानं डोक्याला टॉवेल गुंडाळला, तोंडावर ओला रुमाल बांधला आणि विहिरीत माल सोडणाऱ्या यारीच्या बकेटीत एक पाय ठेवला. दुसरा पाय ठेवायच्या आधी तो थोडा खोकला. व्यंकटनं तिकडं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग यारी कुरकुरली आणि भीमा विहिरीच्या पोटात उतरू लागला.

चाकूर तालुक्यातल्या त्या गावात भीमाला कुणी आडनावानं ओळखत नव्हतं. चुरेवाला भीमा म्हटलं की रेणापूरपासून हदगावपर्यंतच्या विहिरवाल्यांना कळायचं. आडव्या बोअरचं काम करणारी माणसं खूप झाली होती, पण भोकातला चुरा काढावा तर भीमानं, असं लोक म्हणायचे. उभ्या बोअरात हवा मारली की दगडाचा चुरा कारंज्यासारखा वर उडतो, तो बघायला निम्मं गाव गोळा होतं. आडव्या बोअरातला चुरा मात्र महाआळशी. विहिरीच्या तळाशी मशीन लावून भिंतीतल्या दगडात आडवं भोक पाडत जायचं, रॉडातून पाणी सोडायचं आणि त्या पाण्याबरोबर चुरा बाहेर आणायचा, एवढंच काम. पण हा चुरा पाण्याबरोबर येतो थोडा आणि भोकाच्या तळाला अंग टाकून पडतो जास्त. वर रॉड फिरत असतो, खाली हा थरावर थर चढवत असतो. माणूस गाफील राहिला की तो रॉडला आवळतो, आणि मशीन थांबवून ठेवली तर मग विचारायलाच नको, सिमेंटासारखा बसतो. म्हणून प्रत्येक रॉड आत गेला की भीमा तो मागं घ्यायचा, पुन्हा ढकलायचा, पुन्हा मागं घ्यायचा, पाण्याचा जोर वाढवायला लावायचा. भोकातून येणारं पाणी गढूळ आहे तोवर पुढचा रॉड जोडायचा नाही. बाकीच्या मशीनवाल्यांना एवढा धीर नव्हता.

मशीन व्यंकटची होती. दोघं एका वर्गात होते, एकाच बाकावरून उठून दोघांनीही शाळा सोडली. व्यंकटच्या घरी रान होतं, बैल होते, बापाची पत होती. त्यानं मशीन आणली. भीमाच्या अंगात विहिरी खांदायची रग होती; तो खाली उतरला. वीस-बावीस वर्षं एकानं वर उभं राहायचं आणि एकानं खाली, हे ठरून गेलेलं. वरचा उन्हानं काळा झाला, खालचा दगडाच्या धुळीनं. भीमाचा खोकला त्या धुळीचा होता. रेणुका, त्याची बायको, रोज रात्री त्याच्या पाठीला तेल लावताना तोच खोकला ऐकायची आणि काही बोलायची नाही.

या दोघांत एक रीत होती. ती भीमानंच घालून दिलेली. मागं हदगावकडं दोन चुलतभावांचं भांडण लागलं होतं. एकाच्या विहिरीतला आडवा बोअर दुसऱ्याच्या बांधाखालून गेला, दुसऱ्याची विहीर कोरडी पडली, आणि दोघंही भीमाला साक्षीला ओढू लागले. बोअर कोणत्या अंगाला गेला, तूच पाडलास, तूच सांग. काम बुडवून कोर्टाच्या तारखांना खेटे घालून भीमा विटला. त्यानंतर त्यानं व्यंकटला सांगून टाकलं होतं, "मला दिशा सांगायचीच न्हाई. मी खाली गेलो की वरून दोरी टाक. मी वर यायच्या आधी गुंडाळून ठेव. मला ठाऊकच नसंल तर मला कोण काय इचारंल?"

गोल विहिरीच्या तळाशी उगवत-मावळत राहत नाही. वर फक्त आभाळाची एक चकती दिसते आणि भोवती सगळीकडं सारखीच भिंत. विहिरीच्या तोंडावर व्यंकट दोरी ताणायचा, तिला दोन धोंडे लोंबत सोडायचा, आणि त्या दोन धोंड्यांच्या रेषेत भीमा मशीन लावायचा. रेषेच्या पलीकडं कुणाचं रान आहे, कुणाची विहीर आहे, हे त्याच्या डोक्याला लागत नव्हतं. व्यंकट तर गिऱ्हाइकाला मोठ्या तोंडानं सांगायचा, आमच्या माणसाला पाताळात सोडा, वर येऊन तो एक शब्द बोलणार नाही. कारण त्याला ठाऊकच नसतं.

रामलिंगअप्पाला ऊस लावायचा होता. विहीर खोल होती, बांधीव होती, पण ऊस पिईल एवढं पाणी तिच्यात नव्हतं. बोअर कुठं मारायचा ते त्यांनी कुणा पाणाड्याला विचारून ठरवलं होतं.

त्यांच्या रानाला लागूनच भीमाचं दीड एकर होतं. आजोबाच्या वतनातलं भावकीत वाटून, विकून, हिसकून उरलेलं. त्या दीड एकरात पळसाच्या झाडाखाली भीमानं आणि रेणुकानं दोन उन्हाळे घालून विहीर खांदली होती. दुसऱ्यांच्या विहिरीवरून संध्याकाळी परत यायचं आणि अंधार पडेस्तोवर आपली खांदायची. तो खाली पहार मारायचा, ती वर घमेली ओढायची. बुडाला गेल्यावर तिथं एक अजब दगड लागला. पारव्या रंगाचा, आणि त्यात हिरवे दाणे. अगदी मुगासारखे. रेणुकानं घमेल्यातला एक तुकडा उचलून विचारलं होतं, हितं कुणी मूग पेरून ठेवलेत का म्हणून. भीमानं पुढं शेकडो विहिरी बघितल्या, पण तसा दगड त्या शिवारात दुसरीकडं कुठं त्याच्या हाताला लागला नाही.

विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी भीमाची आई धुरपताबाई काठावर येऊन बसली होती. तिचं अर्धं आयुष्य रामलिंगअप्पाच्या आजोबाच्या विहिरीबाहेर रिकामी घागर घेऊन बसण्यात गेलं होतं. कुणी येईल, वरून ओतील, मग उठायचं. म्हातारीनं त्या दिवशी पाणी प्यालं नाही. तिनं बादली सोडली, भरून वर काढली आणि परत विहिरीत ओतली. पुन्हा सोडली, पुन्हा काढली, पुन्हा ओतली. ऊन कलेस्तोवर तिचा तोच उद्योग चालला होता. भीमा म्हणाला, आई, हात दुखतील. ती म्हणाली, दुखू दे की. आता म्हातारी नव्हती, पण विहीर होती. नळाला पाणी नसलं की बौद्धवाड्यातली सगळी घरं तिथंच भरायची, आणि रेणुकाची वांगी, मेथी त्या पाण्यावर चाकूरच्या बाजाराला जायची.

तर त्या दिवशी भीमा रामलिंगअप्पाच्या विहिरीत उतरला, वरून दोरी पडली, धोंडे लोंबले, त्यानं रेष धरली आणि इंजिन सुरू झालं. सकाळभर काम झकास चाललं. चुरा काळा येत होता, कोळशाच्या भुकटीसारखा. मग लाल गेरू लागला. भोकातून रक्तासारखं पाणी वाहू लागलं. भीमा रॉड मागं-पुढं करत होता, साचलेला चुरा घमेल्यात भरून वर पाठवत होता. गेरू संपला. भीमानं नवा रॉड जोडला, थोडा आत गेला, आणि सवयीनं त्यानं भोकाखाली ओंजळ धरली.

पारवी भुकटी होती. तिच्यात हिरवे कण.

त्यानं रुमाल तोंडावरून खाली ओढला. कण बोटांनी चोळले. बॅटरीच्या उजेडात धरले. मग दुसरी ओंजळ घेतली. त्यात तर जास्तच होते.

भोक चुऱ्यानं भरलेलं होतं. रॉड मागं घ्यायला हवा होता, पाणी मारून भोक धुवायला हवं होतं, आणि मगच थांबायचं. भीमाला हे सांगायची गरज नव्हती. पण त्याचा हात आपसूक इशाऱ्याच्या दोरीकडं गेला आणि त्यानं ती ओढली. इंजिन बंद पडलं. तो बकेटीत बसला आणि पुन्हा दोरी ओढली.

तो असा मधेच वर येईल असं व्यंकटला वाटलं नव्हतं. भीमाचं डोकं विहिरीच्या तोंडाशी आलं तेव्हा रेषेची दोरी तशीच ताणलेली होती. ती बांधाकडं गेली होती. भीमाची नजर तिच्यावरून सरकत बांधावर गेली, बांधावरून पलीकडं गेली. तिथं पळस होता. पळसाखाली रेणुका वाकून वांग्यांना पाणी देत होती. तिनं वर बघितलं आणि नवरा दिसला म्हणून हात हलवला.

व्यंकट घाईघाईनं दोरी सोडायला वाकला.

"ऱ्हाऊ दे," भीमा म्हणाला. "दिसली मला."

व्यंकटनं दोरी हातातच धरली. म्हणाला, "भोक धुऊन आलास का?"

लिंबाच्या झाडाखाली त्याचं जेवणाचं फडकं ठेवलं होतं. भीमा तिकडं गेला, हात धुतले, मांडी घातली आणि फडकं सोडलं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. जेवायची वेळ अजून झाली नव्हती.

रामलिंगअप्पा तिथंच बाजेवर बसलेले होते. ते तसे गोड माणूस. कुणाला वाकडं बोलायचे नाहीत. त्यांनी विचारलं, काय भीमा, लौकर भूक लागली? भीमानं हाव म्हणून मान हलवली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. चावला. पुष्कळ वेळ चावला.

व्यंकट विहिरीच्या काठावर फेऱ्या घालू लागला. आत सगळे रॉड होते, पुढं टोकाला दगड कापणारी महागाची टिकली होती, आणि त्यांच्या भोवती चुरा खाली बसत होता. दोघांनाही ते डोळ्यांपुढं दिसत होतं. व्यंकट एकदा जवळ आला आणि म्हणाला की चुरा बसून राहिलाय. भीमा म्हणाला, जेवतोय. व्यंकट गेला, पुन्हा आला. रॉड आवळतील, म्हणाला. भीमानं कांदा फोडला. अप्पांना यातलं काही कळत नव्हतं. ते उसाच्या बेण्याबद्दल बोलत होते, कोणत्या जातीचं आणावं, कोणत्या महिन्यात लावावं. ऐकता ऐकता भीमानं पहिली भाकरी संपवली. दुसरी तो कधी खात नसे, खोकल्यानं पोट आखडायचं. त्या दिवशी त्यानं दुसरीही घेतली. घासाघासाला पाणी प्याला. फडक्यावरचे भाकरीचे कण वेचून खाल्ले. मग फडकं झटकलं, घडी घातली, आणि त्या घडीकडं बघत बसला.

बावीस वर्षांत त्यानं एकही रॉड दगडात सोडला नव्हता. याचा त्याला गर्व होता, आणि गर्वासारखं दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं. तोच गर्व आज भीमा त्या भाकरीबरोबर चावून खात होता, आणि त्याला चव लागत नव्हती.

शेवटी तो उठला, खाली गेला, इंजिन सुरू झालं. मशीननं एक हिसका दिला आणि ती कण्हू लागली. रॉड फिरेना. मागं येईना. पुढं जाईना. भीमानं पाना लावला, पहार लावली, पाण्याचा जोर वाढवायला सांगितला. पायपाचं तोंड उडून पाणी त्याच्या छातीवर बसलं. जे जे करायचं ते सगळं त्यानं केलं, जीव तोडून केलं, वेळ निघून गेल्यावर. ऊन उतरेस्तोवर दोघं झटत होते. मग मशीन सोडवून वर काढली. रॉड दगडातच राहिले.

अप्पा हळहळले. होतं असं कधी कधी, म्हणाले. चहा पाजला आणि घराकडं गेले.

व्यंकट मशीन गाडीवर चढवत होता. साखळी आवळता आवळता, भीमाकडं न बघता तो म्हणाला, "आज भाकरी लई चावून खाल्लीस."

"तुझी दोरी कुठं पडली ते तुला बी ठाऊक व्हतं."

"तूच म्हणला व्हतास, मला सांगू नको. तोंडानं म्हणला व्हतास."

"दुसऱ्याच्या रानाचं म्हणलो व्हतो, यंकट. मव्हं रान तुला दुसऱ्याचं कव्हापासून झालं?"

व्यंकटनं साखळीला शेवटचा पीळ दिला. "मी न्हाई म्हणलो असतो तर अप्पानं दुसरी मशीन आणली असती. मग मी कामून सोडू? जमिनीखाली सातबारा असतोय का?" तो गाडीत चढला. मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "रॉड मव्हे गेले, भीमा. अप्पाचं काय गेलं?"

आणि व्यंकट बोलला ते खरं झालं. आठवडा उलटला नाही तोच अप्पांनी परजिल्ह्यातली मशीन आणली. ती माणसं वेगळी, त्यांची बोली वेगळी, त्यांना ना दोरीची रीत ठाऊक ना पळसाखालची विहीर. अडकलेल्या भोकाच्या हातभर वर त्यांनी नवं भोक धरलं. भीमा आपल्या विहिरीच्या काठावर बसून त्यांच्या इंजिनचा आवाज ऐकत होता. आवाजावरून त्याला कळत होतं की ही माणसं चुरा नीट काढत नाहीत, नुसते रॉडामागून रॉड ढकलतायत. आता अडकंल, आता अडकंल, असं तो मनाशी म्हणत होता. दोन दिवस म्हणत होता. अडकलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडं हलगी वाजली. बोअरमधून मनगटाएवढी धार पडली होती. अप्पांनी गावभर पेढे वाटले, आणि कुणाला वगळलं असं व्हायला नको म्हणून एक पुडा भीमाच्या घरीही धाडला. रेणुकानं पुडा घेतला, आणणाऱ्या बाईला पाणी दिलं, ती गेल्यावर पेढे कोंबड्यांपुढं टाकले.

भीमाची विहीर एका दिवसात आटली नाही. ती म्हाताऱ्या माणसासारखी गेली. आधी एक पायरी उघडी पडली, मग दुसरी. मग बादली खाली टेकू लागली. मग बादलीत पाण्यापेक्षा गाळ जास्त यायला लागला. वांग्यांनी माना टाकल्या. बौद्धवाड्यातल्या बाया घागरी घेऊन यायच्या, आत वाकून बघायच्या, आणि रिकाम्या घागरी घेऊन परत फिरायच्या. त्यानं अप्पांना जाऊन विचारलं. अप्पांनी त्याला बाजेवर बसवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "अरे, पाणी काय मी ठरवून आणलंय का? ते आलं. लाजू नको. बांधावर पाइप सोडतो, मोटार चालू असली की भरत जा."

त्यांचं बोलणं खरंच मनापासूनचं होतं. तेच भीमाला गिळता येईना.

मोटार कधी चालू होईल ते अप्पांच्या गड्याच्या हातात होतं. त्यामुळं बाया बांधावर रिकाम्या घागरी घेऊन बसू लागल्या. कुणी येईल, बटण दाबील, मग उठायचं. पहिल्या दिवशी घरी परतताना भीमानं लांबून ती रांग बघितली. रेणुका शेवटी बसली होती, घागर आडवी करून. त्यानं वाट बदलली.

इकडं काम तुटलं ते तुटलंच. व्यंकटनं कुठं काही सांगितलं की आपसूक पसरलं, कोण जाणे. पण चुरेवाल्या भीमानं जाणूनबुजून रॉड अडकवले, ही खबर सगळ्या मशीनवाल्यांत गेली. त्यानं दोघातिघांना फोन लावून बघितले. ते गोड बोलले, सध्या काम नाही म्हणाले. व्यंकट रेणापूरकडच्या विहिरींवर दोन नवी माणसं घेऊन जायचा. सकाळी त्याची गाडी भीमाच्या दारावरून जायची आणि व्यंकट समोर रस्त्याकडं बघत असायचा.

एके दिवशी रात्री पाठीला तेल लावताना रेणुका बोलली. त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिनं त्या दिवशी पळसाखालून सगळं बघितलं होतं. नवरा इतका वेळ भाकरी खात कधी बसत नाही, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार.

"तुमी भोक धुतलं असतं तरी हीर आटलीच असती," ती म्हणाली. "न्हाई धुतलं तरी आटली. धुतलं असतं तर निदान हाताला काम तरी ऱ्हायलं असतं."

"मंग काय मी मव्ह्या हातानं मव्हं पाणी त्याला काढून द्यायचं व्हतं?"

रेणुकानं हात थांबवला नाही. "मी कुठं म्हणलाले द्यायचं व्हतं म्हणून. मी आपलं काय झालं ते सांगलाले."

भीमाला खोकला आला. तो थांबेस्तोवर तिनं पाठीवर हात तसाच ठेवला.

वैशाखातली एक सकाळ. पुन्हा तसेच ढग, तसाच पडलेला वारा. भीमानं घरातलं जुनं घमेलं काढलं, दोराला पीळ आहे का ते तपासलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला. रेणुका न विचारता मागून आली. विहीर आटली तरी तिच्या बुडाला रात्रभरात तांब्या-दोन तांबे पाणी झिरपायचं. गाळ काढला तर कदाचित कळशीभर होईल, असा त्याचा हिशेब होता. पायऱ्या संपल्यावर तो कपारीत पाय रोवत खाली उतरला. बुडाशी गार होतं. त्यानं ओंजळभर गाळ उचलला आणि बोटांनी चोळला. जुन्या गाळात पारवी भुकटी आली होती, नवी, धारदार. परक्या मशीनचा न धुतलेला चुरा पाण्याच्या जोरानं दगडाच्या भेगांतून इथवर येऊन बसला होता. त्यात हिरवे कण चमकत होते.

त्यानं रुमाल तोंडावर ओढला आणि फावडं मारलं. घमेलं भरलं. वरून रेणुकानं दोरी हलवली. त्यानं घमेलं अडकवलं, ते वर जाईस्तोवर भिंतीला टेकून उभा राहिला, आणि रिकामं खाली आल्यावर पुन्हा भरायला वाकला.